चार बोटं

मार्केट यार्डात बत्तीस वर्षं मी तोलार.
राजापुरी हळकुंड असो, गट्टा असो, कणी असो,
पोतं काट्यावर चढलं की
आकड्याआधी माझ्या मानेला कळायचं.
आता पोतं माझ्यातच होतं,
डाव्या बरगडीखालून बेंबीकडं सरकत आलेलं.
"पाणथरी वाढलीय," मिरजेच्या मुजावर बाई म्हणाल्या,
आणि पेनानं माझ्या पोटावर तिची हद्द आखली,
बांध आखावा तशी.

पांढऱ्या पेशी दोन लाख चाळीस हजार.
"असायला हव्यात किती?"
"दहा हजार. फार तर अकरा."
गप्प बसलो.
एवढी तेजी मी कुठल्याच हंगामात बघितली नव्हती.

बाईंनी रिपोर्ट उलटा केला, मागं दोन रेघा काढल्या:
ही नऊ नंबरची, ही बावीस नंबरची.
दोघींची टोकं तुटली आणि एकमेकींना चिकटली.
"म्हणजे दोन दुकानांच्या पट्ट्या बदलल्या?"
"तसंच समजा, पायगोंडा.
आणि त्या चुकीच्या पट्टीवर माल सुटतोय. थांबतच नाही."

मग गोळ्यांचं बोलणं.
शंभराची एक. रोज चार. जेवण झाल्यावर, तांब्याभर पाण्याबरोबर.
मी म्हटलं, चारच?
मेहुणा सांगत होता, सहाशे देतात, आठशेसुद्धा.
"देतात. काहींचा आकडा भराभर उतरतोही.
पण डोळे सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात, प्लेटलेट पडतात,
मग औषधच बंद ठेवावं लागतं.
बंद पडलेल्या आठशेपेक्षा
रोजचे चारशे मला जास्त वाटतात."
थोडं थांबून म्हणाल्या,
"तुमच्या अंगाला काय मानवेल ते आज मलाही माहीत नाही.
चारनं सुरुवात करू. तीन महिन्यांनी मोजू."

माझ्या बापाच्या वेळी
हळदीचा भाव रुमालाखाली ठरायचा,
तळहातात बोटं दाबून, तोंडं कोरी ठेवून.
बाईंनी चार बोटं उघड्यावर धरली.
मी मान डोलावली
आणि मनातल्या रुमालाखाली
सहा दाबली.

पद्मावती भांडी घासायला बसली की
चार तिच्यासमोर, दोन तिच्यामागं.
वाटायचं, दुप्पट हमाल लावले की
ट्रक लवकर खाली होतो.

अकराव्या दिवशी पापण्या उघडेनात.
रात्री पोटरीत असा पीळ बसला की
मी उशी दातात धरली.
तिनं दिवा लावला, पाय चोळला,
मग काही न विचारता
फळीवरचा डबा काढून पाकिटं मांडली.
शाळा चौथीपर्यंत.
"अकरा दिवसांच्या चव्वेचाळीस.
गेल्यात सहासष्ट.
बावीस कुणी खाल्ल्या?"

बत्तीस वर्षांत
एका शेतकऱ्याचा काटा मारला नाही मी.
मारला तो असा,
स्वतःच्या रक्ताला.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.
प्लेटलेट चाळीस हजारांवर.
सगळं बंद. दोन आठवडे रिकामे,
सौदे बंद असताना यार्ड दिसतं तसे;
मी रोज पोटावर हात ठेवून
ती पेनाची हद्द शोधायचो, धुऊन गेलेली.
मग तीन. तीन आठवड्यांनी पुन्हा चार.

तीन महिन्यांचा तो खास तपास पुण्याहून आला.
दहाच्या आत हवा होता.
नऊ पूर्णांक चार.
"बरं की वाईट?"
"आत आहे," बाई म्हणाल्या. "काठावर आहे, पण आत आहे.
डोस आहे तोच. सहाव्या महिन्याला पुन्हा."
काठावरचं माप मला माहीत आहे.
काटा थरथरतो तेव्हा
पोत्याला कुणी हात लावायचा नसतो.

आता रात्री जेवण झालं की
पद्मावती तिचा पंचा माझ्या हातावर टाकते
आणि खालून बोटं दाबते:
एक, दोन, तीन, चार.
तोंड कोरं.
मी कधीकधी मुद्दाम पाचवं चाचपतो.
ती अंगठा मिटून घेते.